एका पाळीतल्या ५८३ घटना

१९५६ साली रॉबर्ट गेस्ट या अमेरिकी संशोधकाने एक साधं, पण फार चिकाटीचं काम प्रसिद्ध केलं. मोटारी जोडणाऱ्या कारखान्यात ५६ फोरमनांच्या मागे निरीक्षक अख्खी पाळी फिरले. फोरमन कुणाशी बोलला, कुठे थांबला, काय उचललं, कशाकडे पाहिलं, हे सगळं त्यांनी मिनिटामिनिटाने टिपलं. आठ तासांची बेरीज केली तेव्हा सरासरी निघाली ५८३ घटनांची. एक गोष्ट हातावेगळी होऊन पन्नास सेकंद होत नाहीत, तोवर दुसरी समोर उभी.

हा आकडा वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. पन्नास सेकंदांत चहाचा कपसुद्धा संपत नाही. शिवाय या घटना एका जातीच्या नसतात. कुणाचा स्क्रू कमी पडलेला असतो, कुणाला अर्धी रजा हवी असते, क्वालिटीवाल्याने ट्रॉली अडवलेली असते, वरून फोन आलेला असतो, आणि एखाद्या यंत्राचा आवाज कालच्यापेक्षा जरासा वेगळा येत असतो. त्यातला शेवटचा आवाजच तीन तासांनी सगळी लाइन बंद पाडणार असतो. ते ओळखायचं असतं त्याच पन्नास सेकंदांत.

असं का होतं, असं विचारलं की नेहमीचं उत्तर तयार असतं: नियोजन नाही, शिस्त नाही, सुपरवायझर कच्चा आहे. खरं उत्तर मात्र शाळेतल्या गुणाकारात दडलेलं आहे.

चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठलीही एमआयडीसी घ्या आणि तिथली एक जोडणीची लाइन डोळ्यांसमोर आणा. वीस जागा, वीस माणसं, एकही जागा रिकामी चालणार नाही. प्रत्येक माणूस अगदी नेमाने येणारा, शंभरातले ९५ दिवस हजर. अशी हजेरी कुठल्याही मालकाला आवडेल. आता प्रश्न असा: वीसच्या वीस जण आपापल्या जागी उभे आहेत, असे दिवस शंभरांत किती? ०.९५ हा आकडा स्वतःशीच वीस वेळा गुणायचा. उत्तर येतं ३६ दिवस. उरलेल्या ६४ दिवसांत पाळीचा भोंगा वाजतानाच कुठे तरी भोक पडलेलं असतं. हजेरी ९० टक्क्यांवर घसरली, तर पूर्ण लाइनचे दिवस उरतात शंभरांत बारा. यंत्रांचंही तसंच. एकामागोमाग दहा यंत्रं, प्रत्येक ९५ टक्के वेळ धडधाकट. दहाही एका वेळी चालू सापडण्याची शक्यता ६० टक्के.

कुणीही कामचुकार नाही. कुणाचंही यंत्र भंगारातलं नाही. तरीही दर तीन सकाळींपैकी जवळपास दोन मोडलेल्या निघतात, आणि त्या जोडायला एकच माणूस असतो.

हे झालं कागदावरचं गणित. प्रत्यक्षात गैरहजेरी अशी एकेकटी येतच नाही. मृगाचा पाऊस चांगला झाला की मराठवाड्यातली पोरं पेरणीला पळतात. गणपतीत आणि शिमग्याला कोकणातली जागा रिकामी होते. लग्नाची मोठी तिथी असली की एकाच गावचे चौघे एकदम गायब, आणि दिवाळीनंतर छठपूजेला बिहारची गाडी भरते. त्यामुळे तीन आठवडे सगळं सुरळीत चालतं आणि एका सोमवारी पाच माणसं कमी असतात. चांगला सुपरवायझर हे पंचांग डोक्यात बाळगून असतो. कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय, कुणाच्या बापाला दवाखान्यात नेतायत, कुणाला दोन मशिनी येतात आणि कुणाला एकच, हे त्याला ठाऊक असतं. या ज्ञानाला कंपनीच्या कुठल्याही तक्त्यात रकाना नाही. सकाळी सातला पाळी सुरू होते, आणि सात वाजून दहा मिनिटांनी लाइन चालू असते ती या ज्ञानावर.

आता दुसरं गणित, पहिल्याहून अधिक थक्क करणारं. मॅनेजरची एक मागणी सगळीकडे सारखी असते: यंत्र रिकामं दिसता कामा नये. मागणी रास्त वाटते. यंत्राला कोट्यवधी रुपये मोजलेत, ते बसून कसं चालेल?

समजा एका यंत्रावर एका कामाला सरासरी दहा मिनिटं लागतात. कामं ठरल्या वेळी येत नाहीत, कधी दोन एकदम, कधी अर्धा तास एकही नाही. कामाला लागणारा वेळही कमीजास्त होतो, कारण कधी सेटिंग बसत नाही तर कधी कच्चा माल कडक लागतो. यंत्र निम्मा वेळ कामात असेल, तर आलेल्या कामाला रांगेत सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. यंत्र ८० टक्के भरलं की थांबणं होतं चाळीस मिनिटांचं. ९० टक्क्यांना दीड तास. आणि ९५ टक्क्यांना तीन तास दहा मिनिटं! शेवटच्या पाच टक्क्यांनी प्रतीक्षा दुपटीहून अधिक वाढवली. रांगांच्या या शास्त्राची सुरुवात कोपनहेगनमधल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या अभ्यासातून झाली. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली त्यावर पहिला निबंध लिहिला. १९६१ साली जॉन किंगमन या इंग्रज गणितज्ञाने एक सुटसुटीत सूत्र दिलं. यंत्र जितकं भरलेलं आणि कामाचा ओघ जितका चढउताराचा, तितकी रांग लांब, आणि हे दोन्ही एकमेकांना गुणतात, असं ते सांगतं.

म्हणून एकाच बैठकीत 'यंत्र शंभर टक्के चालवा' आणि 'डिस्पॅच वेळेवर द्या' असं सांगितलं जातं, तेव्हा सुपरवायझरला दोन आज्ञा मिळालेल्या नसतात. एक अशक्य गोष्ट मिळालेली असते. त्याला हे सूत्र माहीत नसेल, पण त्याच्या पोटातल्या गोळ्याला ते नेमकं माहीत असतं.

कारखान्यांच्या शास्त्रावर वॉलेस हॉप आणि मार्क स्पिअरमन यांचं 'फॅक्टरी फिजिक्स' नावाचं पाठ्यपुस्तक आहे. त्यात मांडलेला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. चढउतार कुठे ना कुठे झेलावाच लागतो आणि तो झेलायला तीनच जागा आहेत. जादा माल साठवा, जादा क्षमता बाळगा, नाही तर गिऱ्हाइकाला जादा वेळ थांबवा. तिन्ही दारं लावली म्हणून चढउतार नाहीसा होत नाही.

आपल्याकडच्या कारखान्यांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत ही तिन्ही दारं एकेक करून लावत आणली. साठा म्हणजे अडकलेला पैसा, म्हणून साठा कमी केला. जादा माणूस म्हणजे उधळपट्टी, म्हणून माणसं मोजून ठेवली. गिऱ्हाईक मोठी गाडीकंपनी, तिला थांबवण्याची सोय नाही. मग तो चढउतार गेला कुठे? माझं म्हणणं असं की तो सुपरवायझरच्या अंगावर गेला. तो स्वतः लाइनवर उभा राहतो, डबा उघडत नाही, दुसऱ्या पाळीत थांबतो, ठेकेदाराला हातापाया पडून दोन पोरं मागवतो, घरी पोचल्यावर तिसऱ्या पाळीचा फोन घेतो. पाठ्यपुस्तकात तीन जागा लिहिल्या आहेत. चौथी जागा माणसाचं शरीर आणि झोप ही आहे, आणि ती कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

पूर्वी तरी त्याच्या हातात काही होतं का? इथे मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पाहण्याजोगा आहे. कावसजी दावर यांनी मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ साली उभारायला घेतली, ती १८५६ मध्ये चालू झाली, आणि पुढे गिरणगाव वाढला तसा जॉबर वाढला. साच्यांची देखभाल त्याची, माणसं भरणं त्याचं, काढणंही त्याचं. बायकांच्या खात्यात हेच काम नाईकीण करायची. वर स्पिनिंग मास्तर आणि विव्हिंग मास्तर, पण कामगाराचं पोट जॉबरच्या शब्दावर. रोज सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगारांचा घोळका उभा राहायचा. गैरहजेरीचं जे गणित वर मांडलं, त्यावरचं मुंबईचं उत्तर हा घोळका होता. आज सहा माणसं कमी? जॉबर बाहेर येऊन सहा बोटं दाखवायचा. कारखान्याने जादा क्षमता बाळगली होती खरी, पण पगार न देता, गेटाबाहेर उन्हात उभी करून.

त्या सत्तेचा गैरवापर फार झाला, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. नोकरी लावायला दस्तुरी, टिकवायला दस्तुरी, बढतीलाही दस्तुरी. पण त्याच जॉबरला वस्तीतही पत राखावी लागे. खोली मिळवून देणं, वाण्याकडे जामीन राहणं, अडल्यानडल्याला उसने देणं हे त्याने केलं नाही, तर माणसं दुसऱ्या जॉबरकडे जात, आणि माणसं गेली की मालकाच्या लेखी त्याची किंमत शून्य. राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराने हे बारकाईने दाखवलं आहे. बाहेरून राजा दिसणारा जॉबर दोन्हीकडून बांधलेला होता. संपाच्या दिवसांत तर त्याची अवस्था कठीण. कामगारांबरोबर गेला तर मालक तोडणार, न गेला तर वस्ती तोडणार.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात शिफारस केली की नेमणं आणि काढणं जॉबरच्या हातून काढून घ्यावं आणि कामगार अधिकारी नेमावेत. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डं देऊन ती भरती नियमांत बसवायला सुरुवात केली. योग्यच झालं. अमेरिकेतही त्याच सुमाराच्या दशकांत फोरमनची सत्ता भरती खात्याकडे आणि युनियनशी झालेल्या करारांकडे गेली. पण सत्ता काढून घेणाऱ्यांनी एक गोष्ट जिथल्या तिथे ठेवली: जबाब. माणूस कोण, किती, कसा, कधी येणार हे आता दुसरे ठरवतात. उत्पादन कमी का झालं, याचं उत्तर अजून सुपरवायझरलाच द्यायचं असतं.

फ्रेडरिक टेलर हे नाव व्यवस्थापन शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं, घड्याळ लावून काम मोजणारा माणूस म्हणून. तो स्वतः सुपरवायझर होता, हे कमी जण सांगतात. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात तो लेथवर काम करता करता गँग बॉस झाला, आणि कालच्या सोबत्यांकडून जास्त काम काढायच्या भांडणात त्याची काही वर्षं गेली. तिथे रोज ज्या चेहऱ्याकडे पाहावं त्यावर वैर दिसे आणि असलं जगणं भयंकर असतं, असं त्याने १९१२ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं. १९०३ च्या 'शॉप मॅनेजमेंट' या लेखनात त्याने चांगल्या फोरमनला लागणाऱ्या नऊ गोष्टींची यादी दिली. बुद्धी, शिक्षण, कामाचं खास ज्ञान किंवा हातातलं कसब, माणसं सांभाळण्याचं चातुर्य, उत्साह, चिवटपणा, सचोटी, तारतम्य आणि निरोगी शरीर. यातल्या तीन असलेली माणसं मजुरीच्या दरात मिळतात, पाच असलेला शोधावा लागतो, आणि सहा, सात, आठ असलेला जवळपास मिळतच नाही, असं त्याने लिहिलं. म्हणून त्याने ते पद फोडून आठ माणसांत वाटायची योजना मांडली. ज्या कामाला आठ साहेब लागतील असं टेलरला वाटलं, ते आज बहुतेक ठिकाणी एक डिप्लोमावाला पोरगा किंवा बढती मिळालेला आयटीआयवाला करतो आहे.

कायद्याला तर या माणसाचं काय करावं हे कळायला वेळच लागला. फोर्डच्या कारखान्यातल्या फोरमनांनी १९४१ मध्ये स्वतःची संघटना काढली. १० मार्च १९४७ रोजी पॅकार्ड कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की फोरमन हाही कर्मचारीच, त्याला संघटनेचं संरक्षण आहे. जूनमध्ये टाफ्ट-हार्टले कायदा आला आणि सुपरवायझरांना त्या संरक्षणातून वगळलं. साडेतीन महिन्यांत तो कामगार झाला आणि कामगार राहिला नाही. आपला औद्योगिक विवाद कायदाही १९४७ चाच. त्यात पुढे देखरेखीचं काम करणाऱ्याला पगाराची रेघ आखली गेली. रेघेच्या आत असेल तर कामगार, वर गेला तर नाही. ती रेघ आधी ५०० रुपये महिना होती, मग १,६०० झाली, २०१० मध्ये १०,००० झाली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. यातही मेख अशी की नेमणूकपत्रावर काय लिहिलंय याला महत्त्व नाही, माणूस मुख्यतः कुठलं काम करतो हे न्यायालयं तपासत आली आहेत. रेघेवर बसलेल्या माणसाला आपण रेघेच्या कुठल्या बाजूला आहोत, हे नोकरी गेल्यावर कळतं.

हार्वर्डच्या फ्रिट्झ रोथलिसबर्गर यांनी १९४५ साली फोरमनवर एक लेख लिहिला, तो आजही शिळा वाटत नाही. वरच्यांची भाषा आकड्यांची आणि तर्काची, खालच्यांचं जग नात्यांचं आणि भावनांचं. फोरमनला दिवसभर एका जगातली गोष्ट दुसऱ्या जगाला पटेल अशी करून सांगावी लागते आणि त्यात तो स्वतःच सापडतो, असं त्यांनी दाखवलं. दर तासाचं उत्पादन लिहायचा फळा पाहा. तिथे कारणाला एक बारीक रकाना असतो. मशीन, माल, मनुष्यबळ. काल बाप वारलेला पोरगा आज कामावर आला होता आणि त्याचे हात चालत नव्हते, हे त्या रकान्यात मावत नाही. सुपरवायझर 'मनुष्यबळ' लिहितो. वरून आवाज येतो, "कारणं नकोत, आकडा सांगा." खालून आवाज येतो, "साहेब, तुम्ही तरी समजून घ्या." दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

सगळ्यात जीवघेणा पेच पडतो तो पॉवर प्रेसवर. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी व्यवस्था असते, कारण त्यामुळे हात साच्याबाहेर राहतात. एक बटण अडकवून ठेवलं तर दर ठोक्याला थोडा वेळ वाचतो. सुपरवायझरला ते दिसतं. आज टार्गेट अडलंय हेही दिसतं. तो बोलला तर आकडा जातो, न बोलला तर एखाद्याची बोटं जातात. असा निर्णय त्या पन्नास सेकंदांत एकट्या माणसावर सोडणं हा मला अन्याय वाटतो, कामगारावरही आणि त्याच्यावरही.

हे सगळं मनावर उमटतं, याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या जवळपास २२ हजार पूर्णवेळ काम करणाऱ्यांच्या माहितीवर २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्य आणि चिंता यांचं प्रमाण मालकांपेक्षा आणि कामगारांपेक्षाही मधल्या माणसांत, म्हणजे मॅनेजर आणि सुपरवायझरांत, जास्त आढळलं. पगार वाढला की ताण कमी होतो ही सरळ रेषा इथे मोडते. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस तितका खचत नाही. मागणी जास्त आणि ठरवण्याचा अधिकार कमी, ही जोडी माणसाला खाते.

दुसरा रस्ता आहे का? आहे, आणि तो चालून दाखवला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत लाखो नवखे पुरुष आणि बायका आल्या, तेव्हा सरकारने सुपरवायझरांसाठी छोटे अभ्यासवर्ग काढले. काम शिकवायचं कसं, पद्धत सुधारायची कशी, माणसांशी वागायचं कसं, प्रत्येकी दहा तास. युद्ध संपल्यावर अमेरिकेने ते जवळपास सोडून दिले आणि जपानने उचलले. टोयोटात कामगाराने अडचण आली की दोरी ओढायची, आणि पाच-सात माणसांमागे असलेला टीम लीडर लगेच तिथे पोचतो. ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली नाही, तर लाइन थांबते. त्या दोरीची कीर्ती फार झाली. तिच्या टोकाला हात मोकळा असलेला माणूस मुद्दाम ठेवलेला असतो, हे मात्र पाहुणे पाहून येतात आणि विसरतात.

म्हणून कारखाना चालवणाऱ्या वाचकांना एक आकडेमोड करून पाहायची विनंती आहे. वरच्या वीस जागांच्या लाइनला एकविसावा माणूस द्या, सगळ्या जागांवरचं काम येणारा. हजेरी तीच, ९५ टक्के. पूर्ण भरलेल्या लाइनचे दिवस शंभरांत ३६ वरून ७२ वर जातात. बाविसावा दिला तर नव्वदीपर्यंत. पहिल्याच एका माणसाने दिवस दुप्पट केले. तो माणूस 'जादा' म्हणून पुढच्या कपातीत काढू नका, आणि त्याला कुठे उभं करायचं हे सुपरवायझरला ठरवू द्या.